३१,१४० डॉलर: मिनेसोटाच्या आमदारांचा अठरा वर्षं न हललेला पगार

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मतदान कागदावर होतं. मोठी, जाड कागदाची मतपत्रिका असते. प्रत्येक नावापुढे एक छोटा लंबगोल छापलेला असतो आणि तो काळ्या शाईने भरायचा असतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदापासून स्थानिक पदांपर्यंतच्या उमेदवारांबरोबर एक प्रश्नही छापलेला होता. प्रश्न साधारण असा: आमदारांचा स्वतःचा पगार स्वतः ठरवण्याचा अधिकार काढून घ्यावा आणि तो पगार ठरवण्यासाठी फक्त नागरिकांची, स्वतंत्र परिषद नेमावी, अशी घटनादुरुस्ती करायची का? खाली दोन लंबगोल होते, होय आणि नाही.

त्या राज्याच्या नियमात एक मेख आहे. घटनादुरुस्ती मंजूर व्हायला केवळ त्या प्रश्नावर पडलेल्या मतांचं बहुमत पुरत नाही. निवडणुकीत जेवढ्या लोकांनी मतदान केलं, त्या सगळ्यांमधलं बहुमत लागतं. म्हणजे एखाद्याने वरचे सगळे लंबगोल भरले आणि हा प्रश्न कोरा सोडला, तर त्याचं मत आपोआप ‘नाही’त जमा होतं. कंटाळा, घाई, गोंधळ, सगळं दुरुस्तीच्या विरोधात मोजलं जातं. तरीही ही दुरुस्ती सुमारे ७६ टक्क्यांनी मंजूर झाली.

त्याच दिवशी त्याच मतपत्रिकांवर राष्ट्राध्यक्षपदासाठी हिलरी क्लिंटन यांना मिनेसोटात मिळालेली आघाडी जेमतेम दीड टक्क्याची होती. राज्याच्या सीनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाला एका जागेचं बहुमत मिळालं, ३४ विरुद्ध ३३. राज्य असं बरोबर मधोमध चिरलेलं असताना दोन्हीकडचे लोक एका गोष्टीवर एकत्र आले. हे प्रकरण मला एवढं महत्त्वाचं वाटतं, त्याचं हेच पहिलं कारण.

आता मागे जाऊ. मिनेसोटाच्या विधिमंडळात २०१ सदस्य आहेत, सीनेटचे ६७ आणि हाउसचे म्हणजे प्रतिनिधीगृहाचे १३४. हे विधिमंडळ अर्धवेळ मानलं जातं. दोन वर्षांच्या मुदतीत जास्तीत जास्त १२० दिवस कामकाज करता येतं. आमदाराने शेती, शिक्षकी, वकिली, दुकान असं काहीतरी करावं आणि जानेवारी ते मे या काळात राजधानी सेंट पॉल इथल्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधान भवनात येऊन कायदे करावेत, अशी मूळ कल्पना. १८५७ च्या घटनेत पहिल्या अधिवेशनासाठी दिवसाला ३ डॉलर ठरवले होते आणि पुढचं कायद्याने ठरवा असं म्हटलं होतं. ‘कायद्याने’ म्हणजे आमदारांनीच. त्याला एक कुंपण घातलेलं होतं: केलेली वाढ चालू हाउसच्या मुदतीत लागू होणार नाही, मध्ये एक निवडणूक जायला हवी. आज मत द्या, लोकांसमोर जा, निवडून आलात तर वाढ घ्या. नियम म्हणून अतिशय न्याय्य.

पण घोडं अडलं ते इथेच. १९९९ मध्ये आमदारांचा पगार वर्षाला ३१,१४० डॉलर झाला आणि तिथेच गोठला. त्यानंतरच्या प्रत्येक विधिमंडळात वाढीच्या बाजूने बोलणारे होते, मत द्यायला मात्र बहुमत कधी उभं राहिलं नाही. कारण साधं आहे. हाउसची निवडणूक दर दोन वर्षांनी असते. पगारवाढीला दिलेलं एक मत पुढच्या प्रचारात विरोधकाच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापून येणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. पगाराबाबत शिफारस करणारी एक सल्लागार परिषद १९८० च्या दशकापासून अस्तित्वात होती. तिच्या शिफारशीचं पुढे काय करायचं ते मात्र आमदारांच्याच हाती. शिफारस यायची आणि फायलीत राहायची.

अठरा वर्षांत महागाईने काय केलं ते पाहू. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने १९९९ च्या जानेवारीतले ३१,१४० डॉलर २०१७ च्या जानेवारीत आणले, तर सुमारे ४६,००० होतात. उलट हिशेब केला तर २०१७ मधल्या आमदाराच्या हातात १९९९ च्या भावाने २१ हजारांच्या आसपासच पडत होते. म्हणजे कोणीही मत न देता, कोणाचंही नाव न येता आमदारांचा पगार जवळजवळ एक तृतीयांशाने कापला गेला होता.

यात लोकांचं काय नुकसान, असा प्रश्न साहजिक आहे. आमदारांचा पगार कमी झाला तर बिघडलं कुठे? मला वाटतं, बिघडतं, आणि ते आमदाराकडे पाहून कळत नाही, जो आमदार होऊ शकला नाही त्याच्याकडे पाहून कळतं. कॅनडाच्या सीमेवर इंटरनॅशनल फॉल्स नावाचं गाव आहे. तिथून सेंट पॉल पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. बर्फातून पाच तासांहून जास्त गाडी चालवायची, पाच महिने राजधानीत खोली भाड्याने घ्यायची, इकडे घराचा हप्ता भरायचा, आणि वर्षातले पाच महिने सोडून फक्त उरलेल्या महिन्यांत येणाऱ्या माणसाला नोकरी देणारा मालक शोधायचा. हे कोणाला जमतं? निवृत्त माणसाला, जोडीदाराची भक्कम कमाई असणाऱ्याला, स्वतःचा धंदा दुसऱ्यावर सोपवू शकणाऱ्याला. पस्तिशीतली, दोन लहान मुलांची आई असलेली परिचारिका तिथे जाऊ शकत नाही. रुग्णालयांविषयीचे कायदे मात्र तिच्याविनाच होतात.

आणि पगार गोठला की पैसा दुसऱ्या वाटेने वाहू लागतो. मिनेसोटात ती वाट दैनिक भत्त्याची होती. अधिवेशनाच्या काळात आमदाराला दिवसाला ठरावीक भत्ता घेता येतो आणि तो किती, हे प्रत्येक सभागृह स्वतः ठरवतं. त्या वर्षांत हाउसमध्ये तो ६६ डॉलर होता, सीनेटमध्ये ८६. भत्ता ठरवायला कायदा लागत नाही, राज्यपालांची सही लागत नाही, मतदारापर्यंत बातमीही क्वचित जाते. लोकांना वाटत राहतं की आपल्या आमदाराला ३१ हजार मिळतात, प्रत्यक्षात आकडा वेगळाच असतो. पगार उघड्यावर वाढवायची भीती, म्हणून भत्ता आतल्या खोलीत वाढतो. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते, कारण यात आमदार आणि लोक दोघांचीही सवय बिघडते.

२०१३ मध्ये विधिमंडळाने यातून बाहेर पडायचा निर्णय घेतला. दोन्ही सभागृहं तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे तिथल्या डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाच्या हाती होती. घटनादुरुस्तीचा प्रश्न लोकांपुढे ठेवायचं ठरलं, पण पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत नाही, २०१६ मध्ये. एवढं लांबवायची गरज नव्हती, असं माझं मत. पण ठराव झाला, हे मोठं.

परिषदेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मिनेसोटातून अमेरिकन काँग्रेसवर जाणारे ८ मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून दोन माणसं घ्यायची, एक राज्यपालांनी नेमायचा आणि एक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांनी. एकूण १६. प्रत्येकाने नेमलेल्यांपैकी निम्मे विधिमंडळातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे, निम्मे दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे. आजी-माजी आमदार चालणार नाहीत, विद्यमान आमदाराचा नवरा किंवा बायको चालणार नाही, नोंदणी केलेले आजी-माजी लॉबिस्ट, म्हणजे कंपन्या-संघटनांसाठी आमदारांचं मन वळवण्याचा व्यवसाय करणारे, नाहीत, न्यायाधीश नाहीत, माजी राज्यपाल नाहीत, सरकारी नोकर नाहीत. दर विषम वर्षी ३१ मार्चपर्यंत पगार ठरवायचा, १ जुलैपासून तो लागू.

लॉबिस्टांना मज्जाव करणारं कलम मला विशेष आवडतं. आमदाराला खूश ठेवण्यात ज्याचं पोट आहे, त्याला आमदाराच्या पगारावर बसवायचं नाही, हे कोणीतरी शांतपणे विचार करून लिहिलेलं आहे. पक्षांची निम्मी-निम्मी वाटणी मात्र मला खटकते. ‘फक्त नागरिकांची परिषद’ म्हणायचं आणि प्रत्येक नागरिकाच्या कपाळावर पक्षाचा शिक्का मागायचा! कोणत्याही पक्षाचा नसलेला शिक्षक किंवा शेतकरी यात बसत नाही. समतोल राखायचा म्हणून हे केलं असणार, पण त्यासाठी फार मोठ्या वर्गाला बाहेर ठेवलं.

परिषद बसली आणि मार्च २०१७ मध्ये तिने आकडा दिला: ४५,००० डॉलर.

दुसऱ्या दिवसापासून चर्चा एकाच गोष्टीची. आमदारांना एका फटक्यात ४५ टक्के वाढ! अंकगणित बरोबरच होतं. १३,८६० डॉलरची वाढ, म्हणजे ४४.५ टक्के. पण ही टक्केवारी अठरा वर्षांवर पसरली तर वर्षाला सरासरी २ टक्के भरते. कोणत्याही साध्या नोकरदाराला मिळते तेवढीच. शिवाय ४५,००० हा आकडा महागाईच्या हिशेबाने येणाऱ्या ४६,००० पेक्षा कमीच होता. परिषदेने आमदारांना श्रीमंत केलं नाही, १९९९ मध्ये ते जिथे होते त्याच्या जवळ आणून सोडलं. २०१ आमदारांचा मिळून वाढीव खर्च वर्षाला २८ लाख डॉलरपेक्षा किंचित कमी. राज्याची लोकसंख्या ५५ लाखांच्या घरात, म्हणजे माणशी वर्षाला अर्धा डॉलर. दरवर्षी थोडी थोडी वाढ झाली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती. अठरा वर्षं टाळलं म्हणून एकदम आली आणि डोळ्यांत खुपली.

हाउसचे तेव्हाचे अध्यक्ष, रिपब्लिकन पक्षाचे कर्ट डाउट यांनी भूमिका घेतली की हाउसच्या सदस्यांना ही वाढ द्यायची नाही. इथे प्रकरण पगाराचं राहिलं नाही, घटनेचं झालं. कारण मिनेसोटाच्या घटनेतच दुसरीकडे लिहिलेलं आहे की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, आणि मंजुरी देणार विधिमंडळ. परिषद म्हणते ४५,०००. तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे, ते म्हणतात नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा हा पेच. एकाच इमारतीत, एकच काम करणाऱ्या सीनेटरला एक पगार आणि हाउसच्या सदस्याला दुसरा, अशी वेळ येऊ घातली होती.

अध्यक्षांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. पगारवाढ नाकारणारा राजकारणी लोकांना आवडतो आणि ती नाकारण्यात त्यांच्या पक्षाची काटकसरीची भूमिकाही होती. पण लोकांनी चार महिन्यांपूर्वीच ७६ टक्क्यांनी सांगितलं होतं की हा विषय आता तुमच्या हातात नको. वाढवायचाही नको, अडवायचाही नको. पगार अडवणं हेसुद्धा पगार ठरवणंच असतं. आमदाराला स्वतःच्या पगाराबद्दल त्याग दाखवण्याची संधी मिळाली, तर तोही राजकीय फायदाच, आणि ती संधीसुद्धा या दुरुस्तीने काढून घेतलेली होती.

याच सुमाराला आणखी मोठं वादळ आलं. मे महिन्याच्या अखेरीस राज्यपाल मार्क डेटन यांनी कर सवलतींवरून झालेल्या वादात आपला कलमवार नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळाच्या स्वतःच्या खर्चाची तरतूदच, दोन वर्षांचे सुमारे १३ कोटी डॉलर, खोडून टाकली. १ जुलै २०१७. नवा पगार लागू व्हायचा तोच दिवस, आणि विधिमंडळाला पैसे नसण्याचाही तोच दिवस. आमदारांचा पगार कागदावर ४५,००० झाला तेव्हा त्यांच्या कर्मचाऱ्यांचा पगार कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशावर चालला होता. जुलैत जिल्हा न्यायाधीशांनी राज्यपालांचा नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला, १६ नोव्हेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून राज्यपालांच्या बाजूने कौल दिला, आणि अखेर २०१८ च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने तरतूद पुन्हा मंजूर करून राज्यपालांनी सही केली.

पगाराचा पेच तुलनेने शांतपणे सुटला. विधिमंडळाच्याच लेखापरीक्षकांच्या कार्यालयाने घटनेचा दाखला देऊन सांगितलं की परिषदेने ठरवलेला पगार देणं बंधनकारक आहे. हाउसमध्येही ४५,००० लागू झाले. मला यात शिकण्यासारखं वाटतं ते असं: परिषदेचा शब्द टिकला, कारण तो घटनेत लिहिलेला होता. हीच परिषद साध्या कायद्याने नेमली असती, तर अध्यक्षांच्या एका आदेशावर किंवा पुढच्या अधिवेशनातल्या एका दुरुस्तीवर ती संपली असती. जुन्या सल्लागार परिषदेचं काय झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलंच होतं.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र आजही उभा आहे आणि तो मी हलका मानत नाही. पूर्वी पगार वाढला तर कोणी वाढवला हे मतदाराला ठाऊक असायचं, त्याला घरी पाठवता यायचं. आता १६ अनोळखी माणसं ठरवतात, त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही, त्यांना पाडताही येत नाही. निवडणूक मध्ये जाऊ देण्याचं जुनं कुंपणही गेलं. वाढ चालू मुदतीतच हातात पडते. हे खरं आहे. पण जी जबाबदारी अठरा वर्षं कोणीच घेतली नाही, ती गेली म्हणून किती हळहळायचं?

वॉशिंग्टन राज्याने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. १९७३ मध्ये तिथल्या आमदारांनी स्वतःला मोठी वाढ दिली, तेव्हा फर्निचर विकणाऱ्या एका माणसाने सह्या गोळा करून जनतेचा कायदा मांडला आणि लोकांनी तो प्रचंड मतांनी मंजूर करून वाढ ५.५ टक्क्यांवर आणली. त्या चटक्यानंतर १९८६ मध्ये घटनादुरुस्ती होऊन नागरिकांचा वेतन आयोग आला. त्याचे निम्म्याहून अधिक सदस्य मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. आयोगाचा निर्णय आमदार फिरवू शकत नाहीत, लोक सह्या गोळा करून तो मतदानाला लावू शकतात. टीकाकारांच्या मुद्द्याला हे खरं उत्तर आहे आणि मिनेसोटाने ते घेतलं असतं तर बरं झालं असतं. याच्या दुसऱ्या टोकाला ॲरिझोना. तिथे आयोग फक्त शिफारस करतो आणि प्रत्येक वाढीला मतदारांची मंजुरी लागते. १९९८ मध्ये मतदारांनी २४,००० डॉलरला होकार दिला होता. २०१४ मध्ये ३५,००० चा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी तो फेटाळला. आकडा तिथेच राहिला.

मिनेसोटात २०२३ च्या जुलैपासून पगार ५१,७५० डॉलर झाला. २०१७ पासूनच्या सहा वर्षांत १५ टक्के वाढ, त्याच काळात महागाई जवळपास २५ टक्क्यांनी वाढलेली. म्हणजे ‘स्वतंत्र परिषद म्हणजे आमदारांना मोकळं कुरण’ ही भीती आकड्यांनी खरी ठरवलेली नाही. उलट परिषदेचा हात आखडताच राहिला. दैनिक भत्ता मात्र अजूनही सभागृहांच्याच हाती आहे. पगार ठरवताना इतर मोबदला विचारात घ्या, एवढंच घटना परिषदेला सांगते. मागचं दार बंद झालेलं नाही, समोरच्या दारावर पहारा बसला आहे.

मिनेसोटाचे मतदार तो लंबगोल भरत होते त्याच्या तीन महिने आधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आमदारांचं वेतन आणि भत्ते दुपटीहून अधिक वाढवणारं विधेयक चर्चेविना मंजूर केलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एकमताने बसले होते. रक्कम योग्य की अयोग्य हा वाद मी इथे करत नाही. गावातून मुंबईला येऊन राहणाऱ्या, दिवसभर लोकांची वर्दळ सांभाळणाऱ्या प्रामाणिक आमदाराला चांगला पगार मिळायलाच हवा, असं मी मानतो. पण ती वाढ किती, कशाच्या आधारावर, हे सभागृहात कोणी मांडलं नाही आणि लोकांना विचारायला जागा राहिली नाही. मिनेसोटात वाढीला मत द्यायला कोणी धजत नव्हतं, आपल्याकडे विरोधात मत द्यायला कोणी उभं राहिलं नाही. दोन्हीकडे कारण एकच: ज्याचा पगार, त्याच्याच हातात लेखणी.

आपल्याकडे ही लेखणी काढून घेणं किती अवघड आहे तेही पाहायला हवं. संविधानाच्या अनुच्छेद १९५ नुसार आमदारांचं वेतन आणि भत्ते राज्याचं विधिमंडळच कायद्याने ठरवतं. खासदारांसाठी हेच अनुच्छेद १०६ मध्ये आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात खासदारांचं वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढेल अशी सोय केली गेली, आणि निदान रकमेवरची घासाघीस तरी त्याने कमी झाली. पण ती सोयही संसदेच्याच कायद्यात आहे. दिल्लीने २०१५ मध्ये लोकसभेचे माजी महासचिव पी. डी. टी. आचारी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमून शिफारशी घेतल्या होत्या, तीही सल्लागारच. महाराष्ट्राला उद्या अशी समिती नेमायची झाली तर कोणी अडवणार नाही. तिचा अहवाल सभागृहात मांडायचा, त्यावर दोन दिवस चर्चा करायची, महागाईचा निर्देशांक फळ्यावर लिहायचा आणि मग नाव घेऊन मतदान करायचं, एवढं साध्या कायद्यानेही जमेल. समितीचा आकडा सभागृहावर बंधनकारक करायचा असेल तर मात्र अनुच्छेद १९५ लाच हात घालावा लागेल, आणि ते काम मुंबईत होत नाही, दिल्लीत संसदेत होतं.